नाशिकपुढचा ‘रोड’

मुंबईहून येणारी गाडी देवळाली सोडते आणि डब्यात बॅगा दाराकडे सरकायला लागतात. कुणी नवखा विचारतो, “नाशिक आलं का?” दारातला माणूस सांगतो, “नाशिकरोड आलं.” प्रश्न एका गावाचा, उत्तर दुसऱ्या गावाचं, तरी दोघांचं समाधान होतं. या संवादातल्या ‘रोड’ने मला कितीतरी वर्षं धरून ठेवलं आहे.

आधी व्याकरणाची एक बारीक गोष्ट. नाशिक या नावाला प्रत्यय लागला की ते आकसतं. आपण ‘नाशकात’ राहतो, ‘नाशकाहून’ येतो. नाशिकरोड मात्र जसंच्या तसं उभं राहतं. नाशिकरोडला, नाशिकरोडहून. गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या जिभांवर घासलं गेलं आणि त्याची मधली ‘इ’ झिजली. स्टेशनचं नाव पाटीवरून उतरलं, त्याला अजून तेवढा घासा लागलेला नाही.

मुंबईच्या ग्रँट रोडमध्ये ‘रोड’ म्हणजे खरोखरचा रस्ता. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा, पायाखाली असलेला. नाशिक रोड, डहाणू रोड, वसई रोड, सावंतवाडी रोड या नावांत तसं नाही. इथे ‘रोड’ प्रवाशाला सांगतो की गाव इथे नाही, इथून तिकडे वाट जाते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून इगतपुरीहून मनमाडकडे गेला, तो गोदाकाठच्या वस्तीला सात-आठ किलोमीटर बाजूला ठेवून. ते अंतर कागदावर कबूल करायला रेल्वेला एक शब्द पुरला.

हा इंग्रजी शब्द मुळात वाटेचा नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘राड’च्या जवळचा होता आणि अर्थ होता घोड्यावर बसून जाणं. ‘राइड’ त्याचंच भावंड. त्याचंच एक स्कॉटिश रूप पुढे ‘रेड’ झालं, म्हणजे धाड. मराठीला हे अर्थांतर समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्या ‘स्वारी’त दोन्ही अर्थ आधीच शेजारी नांदतात. घोड्यावरची स्वारी आणि मुलखावर आलेली स्वारी. इंग्रजीत ‘रोड’ला वाट हा अर्थ चिकटला तो बराच उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास.

आणि मराठीत एक अस्सल ‘रोड’ आहेच. सुट्टीत घरी गेलो की आजी दंड चाचपून म्हणायची, “किती रोड झालास रे!” रोड म्हणजे किडकिडीत, अंगावर मांस नसलेला. त्यावरून रोडका, रोडावणे. इंग्रजी रोडशी या शब्दाचं नातं नाही, उच्चाराची गाठ पडली एवढंच. पण महाराष्ट्रातल्या रेल्वेच्या इतिहासात हे दोन ‘रोड’ खरोखर एकमेकांना भेटले. जिथे जिथे मोठी लाईन गावाला चुकवून गेली आणि स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागला, तिथे ते अंतर भरून काढायला कधी कधी एक अंगाने रोड अशी गाडी आली.

नाशकात ती ट्राम होती. १८८९च्या सुमारास सुरू झालेली, रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि सुरुवातीला ओढायला घोडे. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ती नाशिकरोड स्टेशनपर्यंत जाई. ‘रोड’ या शब्दाच्या पोटात जो घोडा होता, तो इथे प्रत्यक्ष जुंपलेला होता. पुढे घोड्यांच्या जागी इंजिन आलं.

‘ट्राम’चं मूळ लाकडात आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात ट्राम म्हणजे ढकलगाडीचा दांडा, लाकडी वासा. मग खाणीतून कोळसा आणणारी गाडी, मग ती चालते तो मार्ग, आणि शेवटी शहरातली प्रवासी गाडी. तरी इंग्लंडात एक लोककथा चिवट आहे, की बेंजामिन औट्रम नावाच्या इंजिनिअरने असे मार्ग बांधले आणि त्याच्या आडनावाचं शेपूट उरलं ते ‘ट्राम’. ही व्युत्पत्ती खोटी. औट्रम १७६४ साली जन्मला, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. पण मी ही कथा टाकून देत नाही. याच बेंजामिनचा मुलगा जेम्स औट्रम खानदेशात आला, १८२५ साली त्याने भिल्ल पलटण उभी केली, आणि चाळीसगावहून कन्नडला चढताना लागणारा घाट आजही औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. ट्रामशी ज्याचं नातं खोटं ठरलं, ते आडनाव नाशकापासून काही तासांवर डोंगरात खरं होऊन बसलं आहे.

नाशिकच्या ट्रामचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हा माणूस जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला आणि छोट्या रुळांनी झपाटला. त्यांचं मोठं काम झालं ते दुसऱ्या एका ‘रोड’वर. आजच्या कुर्डुवाडी स्टेशनचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. तिथून बार्शी गावापर्यंत १८९७ साली त्यांनी अडीच फुटी गाडी नेली. पुढे ती १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर आणि १९२७ला मिरजेपर्यंत पोचली. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्यातून गेल्या. लोकांनी तिला नाव दिलं ‘बार्शी लाईट’.

या ‘लाईट’चा दिव्याशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये १८९६ साली ‘लाइट रेल्वे’ कायदा झाला, तिथला लाइट म्हणजे हलका. बार्शीच्या रुळांचं वजन यार्डाला ३० पौंड होतं, आणि इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही असा कॅल्थ्रॉप यांचा हिशेब. हलका रूळ, सारखा वाटलेला भार, म्हणून स्वस्त मार्ग. नावातच सगळं तंत्र सांगितलेलं आहे. पण मराठी कानाला लाईट म्हणजे वीज, आणि ‘लाईट गेली’ म्हणतो तशीच ‘बार्शी लाईट आली’ म्हणताना ती आपोआप स्त्रीलिंगी झाली, गाडीच्या वळणावर.

‘अडीच’पाशीही थांबायला हवं. संस्कृतात अर्धतृतीय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. प्राकृतात अड्ढाइज्ज, मराठीत अडीच. मोठ्या लाईनचे साडेपाच फूट ‘सार्ध’मधून आले, म्हणजे अर्ध्यासकट पाच. एक मोजणी पुढच्या आकड्याकडे बघून केलेली, दुसरी मागच्या आकड्यात भर घालून.

आणि रूळ. शाळेत वहीवर रेघा मारायचा गोल दांडाही रूळ, पोलिसाच्या हातातलाही रूळच. हा इंग्रजी ‘रूल’, ‘रूलर’च्या घरातला शब्द. त्यांचं मूळ लॅटिन ‘रेगुला’, म्हणजे सरळ पट्टी. गंमत अशी की लोखंडी ‘रेल’चं मूळही जुन्या फ्रेंचमधून त्याच रेगुलापाशी जातं. मराठीने रेलला रूळ म्हटलं तेव्हा नकळत दोन चुलतभावंडांची अदलाबदल केली. त्याहून मागे गेलं तर आपला ‘ऋजू’ याच गोतावळ्यात सापडतो. सरळ स्वभावाचा माणूस आणि सरळ टाकलेला रूळ, धातू एकच.

‘नॅरो गेज’साठी ग्रंथांत ‘अरुंदमापी’ असा शब्द आहे. नेमका आहे, मला मात्र तो कधी जवळचा वाटला नाही. जे रुंद नाही ते अरुंद, म्हणजे वर्णन उणेपणाचं. लोकांनी अशा गाड्यांना उणं नाव दिलं नाही. विदर्भात मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ झाली, पाचोरा-जामनेरची नुसती ‘पीजे’. माझ्यापुरता मी या सगळ्यांना ‘रोड गाडी’ म्हणतो, आजीच्या अर्थाने, कारण त्या शब्दात काळजी आहे.

नाशकाची ट्राम १९३३पर्यंत चालली. तोटा वाढत गेला, प्रवासी रोडावले, गाडी थांबली. वर्तमानपत्रं अशा वेळी हेच क्रियापद वापरतात, आणि इथे ते अगदी शोभतं. बार्शी लाईट १९५४ला सरकारकडे आली आणि या शतकात तिचे रूळ रुंद झाले.

ट्रामच्या खुणा शोधायला मी गंजमाळला जातो. ट्राम इथे थांबायची, असं नाशिककर सांगतात. नावाची फोड करून बघावी. तो गंज, म्हणजे लोखंडावर चढणारा. ती गंज, म्हणजे रचून ठेवलेला कडबा. फारसीत गंज म्हणजे खजिना, आणि त्यावरून उत्तरेत बाजारपेठाही गंज झाल्या. पुढे ‘माळ’ आहे, म्हणून माझा कौल कडब्याच्या गंजीला, उघड्या माळावर रचलेल्या चाऱ्याला.

तिथून जवळच शालिमार. संध्याकाळी सहाची वेळ, रिक्षांची रांग, पुढच्या रिक्षात मागे तिघे बसलेले. चालक बाहेर उभा राहून एका हाताने हुडाची दांडी धरतो आणि गर्दीकडे बघत ओरडतो, “रोड, रोड, रोड! एक शीट, एकच शीट!” नाशिक हा शब्द तो उच्चारतही नाही. एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन चालकाशेजारी अंग चोरून बसते, आणि रिक्षा ट्रामच्या जुन्या टोकाकडे, स्टेशनच्या दिशेने निघते.