लोखंडाचं वजन आणि लिथियमची बॅटरी

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी म्हटलं की आपला पहिला प्रश्न, एका चार्जमध्ये किती किलोमीटर? मला मात्र या बॅटरीचा इतिहास आगींचाच जास्त वाटतो.

१९७० च्या दशकात, तेलटंचाईच्या काळात, एक्सॉन या तेल कंपनीतच (हीही एक गंमत) स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. वीज भरपूर मिळे. पण चार्ज करताना लिथियम सपाट बसेना. त्याला मुळ्यांसारखे बारीक काटे फुटत. काटा पलीकडच्या ध्रुवाला टेकला की शॉर्टसर्किट, मग भडका. आगी विझवून अग्निशमन दल इतकं वैतागलं, की खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करू, अशी तंबी त्यांनी दिली! पुढे १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनच्या बॅटरीने पेट घेतला आणि कॅनडाच्या मोली एनर्जीला लिथियम धातूच्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या.

जपानमध्येच अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये तो धातूच काढून टाकला होता. त्याजागी कार्बन, लिथियमचे आयन त्याच्या थरांत शिरतात आणि बाहेर पडतात. दुसरा ध्रुव जॉन गुडइनफ यांच्या १९८० च्या शोधातला, कोबाल्ट ऑक्साइडचा. १९८६ मध्ये योशिनोंनी दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांवर लोखंडाचं वजन टाकून पाहिलं. धातूची पेटली, यांची नाही. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म ते त्या क्षणी मानतात. सौदा काही स्वस्त नव्हता. ग्राफाइटसारखा कार्बनसुद्धा तेवढ्याच वजनाच्या लिथियम धातूच्या जेमतेम दहावा हिस्सा वीजभार साठवतो. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली.

धोका संपला नाही, त्याने जागा बदलली. फार तापलं की कोबाल्ट ऑक्साइड ऑक्सिजन सोडतं, आतला द्रव ज्वलनशील, आणि उष्णतेतून आणखी उष्णता. म्हणून दोन ध्रुवांमध्ये असा प्लॅस्टिकचा पडदा आला, जो साधारण १३० अंशांना वितळून स्वतःची छिद्रं बुजवतो. १९९७ मध्ये गुडइनफ, अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी लोह-फॉस्फेट पुढे आणलं. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सहज सुटत नाही. ऊर्जा पुन्हा थोडी कमीच.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. त्याच वर्षी केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटरीचा एआयएस-१५६ हा निकष कडक केला. एका सेलमध्ये आतून शॉर्टसर्किट झालं, तर आग शेजारच्या सेलपर्यंत पोचते का, हेही आता त्यात तपासतात.