माणगावचे नाव, बंगालची दीक्षा : शक्तिपाताच्या मराठी परंपरेतील अधिकाराचा प्रश्न

आधुनिक काळातील योगाधिष्ठित संप्रदायांचा विचार करू लागलो की आपली नजर साहजिकच गणेशपुरीकडे, लोणावळ्याकडे किंवा थेट परदेशाकडे जाते. कुडाळकडे ती वळत नाही. कुडाळची ओळख दशावताराची, पिंगुळीच्या चित्रकथींची, फार तर कोकण रेल्वेच्या स्थानकाची. तथापि महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत कुंडलिनी, दीक्षा आणि 'क्रिया' या शब्दांभोवती जी एक शांत, जाहिरातविन्मुख चळवळ उभी राहिली, तिच्या गुरुमालिकेतील सर्वांत आदरणीय नाव कुडाळ तालुक्यातील माणगावचे आहे. (रायगड जिल्ह्यातील माणगाव निराळे, दत्तभक्तांखेरीज इतरांचा हा घोटाळा नेहमी होतो.) ते नाव म्हणजे वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी. आम्हांला येथे त्यांचे चरित्र सांगावयाचे नाही. ती पुष्कळ आहेत आणि बहुतेक भक्तीने लिहिलेली आहेत. आम्हांला कुतूहल आहे ते एका विसंगतीचे. वर्णाश्रमाचे नियम प्राणापलीकडे जपणाऱ्या या संन्याशाचे नाव, गृहस्थाला त्याच्या दिवाणखान्यात डोळे मिटून बसवणाऱ्या योगमार्गाच्या शिरोभागी कसे आले?

वासुदेवशास्त्री टेंबे यांचा जन्म 1854 साली माणगावी झाला. गाव तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. आजोबांच्या हाताखाली वेदाध्ययन, पुढे ज्योतिष आणि मंत्रशास्त्र, एकविसाव्या वर्षी विवाह, नरसोबाच्या वाडीची ओढ, 1883 साली गावातच दत्तमंदिराची स्थापना, तेथे सुमारे सात वर्षे सेवा आणि मग एके दिवशी पत्नीसह गावाचा कायमचा त्याग, असा हा क्रम आहे. 1891 साली गोदाकाठी गंगाखेड येथे पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी लगेच संन्यास घेतला. त्यानंतरची तेवीस वर्षे पायी भ्रमंतीची. उज्जैन, हरिद्वार, तंजावर, पवनी, हावेरी, कुरवपूर अशा ठिकाणी चातुर्मास करीत ते अखेर नर्मदाकाठी गरुडेश्वरला आले आणि 1914 साली तेथेच त्यांनी देह ठेवला.

या आयुष्यात योग आहे काय? आहे, पण आज आपण 'योग' म्हणतो तो नव्हे. स्वामींची चरित्रे आसन-प्राणायामातील त्यांचा अधिकार सांगतात, समाधीचे उल्लेख करतात. पण त्यांच्या दिनक्रमाचा कणा होता तो स्नान, संध्या, दंडतर्पण, भिक्षा, ग्रंथलेखन आणि दत्ताची आज्ञा यांचा. आज्ञा नाही तर पाऊल नाही, हा त्यांचा नियम. संग्रहणीसारख्या व्याधीने देह झिजत असतानाही त्यांनी आचारात सूट घेतली नाही. त्यांची ग्रंथसंपदा पाहिली तरी हेच दिसते. गुरुचरित्राचे द्विसाहस्री हे संस्कृत रूप, संस्कृत दत्तपुराण, मराठीतील दत्तमाहात्म्य आणि सप्तशती गुरुचरित्रसार, 'शिक्षात्रय' हा कुमार, युवा आणि वृद्ध यांना उद्देशून लिहिलेला ग्रंथ, 'स्त्रीशिक्षा', आणि दत्तमंदिरांतून आजही म्हटली जाणारी करुणात्रिपदी. यांतील शिक्षाग्रंथ ज्याने वाचले असतील त्याला हे सांगावे लागणार नाही की येथे साधनेचा प्रारंभबिंदू 'आपण कोण आहोत' हा आहे : कोणत्या आश्रमातले, कोणत्या वयाचे, पुरुष की स्त्री. अधिकार आधी ठरतो, साधना मागून येते. आजच्या वाचकाला यातले काही भाग खटकतील आणि खटकावेतही. पण त्यांची अंतर्गत सुसंगती नाकारता येत नाही.

आता दुसरे टोक पाहू. वामन दत्तात्रेय गुळवणी यांचा जन्म 1886 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुडुत्री या गावी झाला. हे चित्रकलेचे शिक्षक; पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना चित्रे काढायला शिकवली. टेंबे स्वामींचा अनुग्रह त्यांना तरुणपणी लाभला आणि स्वामींवरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत एकाग्र राहिली. परंतु शक्तिपाताची दीक्षा त्यांना मिळाली ती 1920च्या दशकात, स्वामींच्या देहत्यागानंतर आणि एका बंगाली साधूकडून, म्हणजे लोकनाथतीर्थ स्वामींकडून. बंगालमध्ये गंगाधरतीर्थ आणि नारायणतीर्थ यांच्यापासून ही तीर्थ-परंपरा चालत आलेली होती. पुढे पुण्यात एरंडवण्याला 'वासुदेव निवास' उभा राहिला. नाव अर्थातच माणगावच्या स्वामींचे. गुळवणी महाराजांनी आणि त्यांच्यानंतर दत्तमहाराज कवीश्वरांनी स्वामींचे वाङ्मय छापून टिकवले, आणि त्याच वास्तूत बंगालकडून आलेली दीक्षा दिली. 1974 साली गुळवणी महाराज गेले तेव्हा या दोन धारा इतक्या मिसळल्या होत्या की सामान्य साधकाला त्या दोन होत्या याची जाणीवही राहिली नव्हती.

या दीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. गुरू स्पर्शाने, दृष्टीने, शब्दाने किंवा केवळ संकल्पाने शिष्याची सुप्त शक्ती जागी करतो. दीक्षेनंतर साधकाने रोज ठरावीक वेळी आपल्या स्वतंत्र आसनावर बसावे, डोळे मिटावे, श्वासोच्छ्वासाकडे लक्ष द्यावे आणि काही करू नये. जे होईल ते होऊ द्यावे. शरीर डुलेल, एखादे आसन आपोआप घडेल, प्राणायाम लागेल, रडू येईल, हसू येईल, नाद ऐकू येईल, प्रकाश दिसेल. किंवा यांतले काहीच होणार नाही. या सर्वांना 'क्रिया' म्हणतात. त्या मुद्दाम करू नयेत, दाबू नयेत आणि दुसऱ्याला सांगत सुटू नये. मंत्र, लय, हठ आणि राज या चारी योगांचे घटक या ओघात आपोआप येतात, म्हणून हा 'महायोग'. हा शब्द योगशिखोपनिषदातला. तेथे हे चार म्हणजे एकाच महायोगाच्या पायऱ्या मानल्या आहेत. हठयोगी ज्यासाठी वर्षानुवर्षे देह वाकवतो ते येथे देहाला आतून घडते, असा दावा.

दृष्टान्त कुलार्णव तंत्रातले आहेत. पक्षीण पंखांच्या उबेने पिले वाढवते ती स्पर्शदीक्षा, मासोळी नुसत्या पाहण्याने ती दृग्दीक्षा, कासवी नुसत्या स्मरणाने ती मानसदीक्षा. मराठी वाचक येथे क्षणभर थबकेल. आपल्या संतांची कासवी स्मरणाने नव्हे, दृष्टीने पिलांना पोसते. 'कूर्मदृष्टी' हा शब्द आपल्याकडे त्या अर्थाने रुळलेला आहे. एकाच प्राण्याला तंत्रग्रंथाने एक काम दिले आणि अभंगाने दुसरे. गोष्ट लहान आहे, पण दोन्ही परंपरांची शब्दसंपत्ती कशी वेगवेगळ्या वाटांनी आली हे तीवरून कळते.

शक्तिपात हा शब्द आणि त्यामागचा सिद्धान्त पुण्यात किंवा बंगालमध्ये जन्मलेला नाही. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी तंत्रालोकाच्या तेराव्या आह्निकात त्याची सांगोपांग चर्चा केली आहे. तीव्र, मध्य आणि मंद, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन, असे नऊ प्रकार त्याने मानले. त्याच्या दृष्टीने कृपेला कारण नसते. कर्म, जात, तप, विद्या यांतले काहीही कृपेला भाग पाडू शकत नाही; कारण भाग पाडता आली तर ती कृपा कसली? हा विचार किती स्फोटक आहे हे लक्षात घ्यावे. अधिकाराची सगळी उतरंड तो एका वाक्यात निरुपयोगी करून टाकतो. शिष्य योग्य आहे म्हणून कृपा होत नाही; कृपा झाली, म्हणून तो योग्य.

माणगाव आणि बंगाल यांची खरी गाठ आहे ती येथे. टेंबे स्वामींच्या शिक्षाग्रंथांत अधिकार जन्माने आणि आश्रमाने ठरतो. शक्तिपाताच्या सिद्धान्तात तो गुरुकृपेने ठरतो. एका वास्तूत, एका तसबिरीखाली या दोन गोष्टी नांदल्या आणि कुणाला भांडण दिसले नाही. कारकून, शिक्षक, अभियंता, गृहिणी या साऱ्यांना दीक्षा मिळू लागली. अनुष्ठानाचा आणि सोवळ्याचा धागाही पूर्ण तुटला नाही. आमच्या मते हे शक्य झाले ते गुळवणी महाराजांच्या स्वभावामुळे. त्यांनी सिद्धान्तांचा वाद घातला नाही. जुन्या गुरूचे ग्रंथ छापले, नव्या गुरूची दीक्षा दिली आणि मेळ घालण्याचे काम साधकाच्या नित्यक्रमावर सोपवले. समन्वयाची ही रीत तात्त्विकदृष्ट्या कच्ची म्हणता येईल, पण महाराष्ट्रातील पुष्कळसा धार्मिक बदल अशाच न बोललेल्या तडजोडींतून झालेला आहे.

मात्र स्वामींचा वारसा म्हणजे शक्तिपातच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांच्याच शिष्यांपैकी रंग अवधूतांनी नारेश्वरला गुजराती भजनाची परंपरा उभी केली; त्यांची 'दत्तबावनी' 1935 सालची. इंदूरच्या नाना महाराज तराणेकरांनी करुणात्रिपदी घरोघर पोचवली. त्या वाटांवर कुंडलिनीची चर्चा फारशी नाही. एका गुरूपासून भजन, स्तोत्र आणि योग अशा तीन निराळ्या चळवळी निघाल्या, याचा अर्थ योगचळवळीने स्वामींना आपल्या गरजेप्रमाणे वाचले. यात फसवणूक नाही. परंपरा बहुतेक वेळा अशाच, मागे वळून, बांधल्या जातात.

मराठीत या मार्गाला तिसरा, आणि बहुधा सर्वांत बळकट, आधार मिळाला तो ज्ञानेश्वरीचा. सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन, ज्याला ज्ञानदेव 'पंथराज' म्हणतात, हे प्रत्येक आधुनिक योगसंप्रदायाचे मराठीतील प्रमाणपत्र झाले आहे. मुक्तानंदांच्या सिद्धयोगानेही ते वापरले. 1970 साली गुजरातेतील नारगोळपासून सुरू झालेल्या निर्मलादेवींच्या सहजयोगानेही वापरले. शक्तिपातमार्गी साधक यात अठराव्या अध्यायातील कृष्णार्जुनांच्या आलिंगनाची भर घालतात आणि तेथे स्पर्शदीक्षा पाहतात. आमच्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांना ही वाचने ओढूनताणून केलेली वाटतात खरी, पण आमचे वाचन तरी कितीसे निर्दोष आहे? आपण सहावा अध्याय रूपकांचा संग्रह म्हणून शिकवतो. कुंकवात न्हालेले नागिणीचे पिलू, तिची भूक, देहातील धातूंचा तिने केलेला फन्ना, मग नव्याने उगवणारी त्वचा, हिऱ्यासारखे दात. उपमा मोजतो आणि पुढे जातो. ज्ञानदेव या वर्णनाला नाथपरंपरेचे गुह्य म्हणतात, याचा अर्थ कोणत्या तरी मंडळीत हे करून पाहिले जात होते. ती गोष्ट आपल्या टीपांत येत नाही.

आणि त्याच अध्यायात अधिकाराचा प्रश्न उघड विचारलेला आहे. एवढे ऐकल्यावर अर्जुन शंका काढतो : हे योग्यता असलेल्यालाच साधते, की कोणालाही? कृष्णाचे उत्तर ज्ञानदेवांनी गीतेबाहेर जाऊन रचले आहे. त्याचा आशय असा की योग्यता ही कुठल्या खाणीत सापडणारी वस्तू नव्हे. ती प्राप्तीवर अवलंबून असते, जो करू लागतो आणि विरक्तीने देहाला नेम लावतो तो योग्य ठरतो. हे टेंबे स्वामींच्या जन्मसिद्ध अधिकाराहून वेगळे आहे, तसेच अभिनवगुप्ताच्या निष्कारण कृपेहूनही वेगळे. येथे अभ्यासाला जागा आहे. शक्तिपातमार्गी लेखनात कुंडलिनीच्या ओव्या जेवढ्या उत्साहाने येतात तेवढ्या उत्साहाने हा संवाद येत नाही, आणि आम्हांला ते स्वाभाविकच वाटते. कारण सारे गुरूच्या संकल्पाने घडते असे म्हटल्यावर शिष्याच्या कर्तृत्वाविषयी काय बोलायचे?

या प्रश्नाला व्यवहारात किंमत आहे. कृपा सर्वस्वी गुरूच्या हाती सोपवली की गुरूची परीक्षा घेणारे कोणी उरत नाही. मुक्तानंद 1970 नंतर जगभर फिरले, हजारोंना त्यांनी शक्तिपात दिला. 1982 साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकी नियतकालिकात त्यांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप छापून आले. अनुयायांपैकी काहींनी ते मानले, काहींनी फेटाळले. ज्यांना खरोखरच काही अनुभव आला होता त्यांची अडचण सर्वांत मोठी होती, कारण त्यांच्या मार्गात अनुभव हाच गुरूचा पुरावा होता. पुण्याच्या शाखेवर अशी वेळ आली नाही, याचे श्रेय आम्ही अंशतः माणगावच्या कर्मठपणाला देतो. ज्या सोवळ्याचा आज आपल्याला कंटाळा येतो त्याच सोवळ्याने गुरूवरही नियम घातले होते. टेंबे स्वामी पैशाला शिवत नसत, एका जागी मठ करून राहिले नाहीत, आज्ञेवाचून कोणाला काही देत नसत. त्यांच्या तसबिरीखाली बसून दीक्षा देणाऱ्याला ते मोजमाप टाळता येत नव्हते.

प्रयोगाची वाट निराळी. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. म्हणजे जवळपास एकाच दशकात, घाटाच्या माथ्यावर आसने मोजली जात होती आणि एक चित्रकलाशिक्षक आसने आपोआप घडवणारी दीक्षा घेऊन पुण्यात परतला होता. मराठी समाजाने दोन्ही स्वीकारली. पहिली शाळेच्या अभ्यासक्रमापर्यंत पोचली, दुसरी घरातल्या बंद खोलीत राहिली.

माणगावात मात्र यातले काही दिसत नाही. तेथे दत्तमंदिर आहे, स्वामींचे जन्मघर आहे, यक्षिणीचे देऊळ आहे. येणारा भाविक बहुधा गाणगापूर-वाडीच्या वाटेवरचा असतो. तो प्रदक्षिणा घालतो, करुणात्रिपदी म्हणतो, प्रसाद घेतो. कुंडलिनी हा शब्द तेथे फारसा ऐकू येत नाही. ज्या गावाचे नाव घेऊन पुण्यात आणि पुण्याबाहेर लोक डोळे मिटून बसतात, त्या गावाने आपल्या स्वामींना योगी म्हणून नव्हे, दत्ताचा पुजारी म्हणून जपले आहे.