वडिलोपार्जित मोटारीला नवे इंजिन : हौस, हिशेब आणि कायदा

मुंबई, प्रतिनिधी

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या पश्चात वारसांच्या वाट्याला येणाऱ्या वस्तूंमध्ये मोटारीचे स्थान काहीसे अवघड असते. घड्याळ कपाटात राहते, पुस्तके फळीवर राहतात. मोटार मात्र सोसायटीच्या आवारात जागा अडवते, दर पावसाळ्यात थोडी अधिक गंजते आणि एके दिवशी सुरू होण्याचे नाकारते. मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांत अशी एखादी 'प्रीमियर पद्मिनी' किंवा 'अॅम्बेसेडर' आजही ताडपत्रीखाली उभी आहे. तिला भंगारात देववत नाही आणि रोज चालवताही येत नाही. अशा वेळी 'जुने इंजिन काढून नव्या गाडीचे बसवून टाकू' असा सल्ला हमखास मिळतो. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. मात्र, त्याचे परिणाम बॉनेटखालीच थांबत नाहीत. ते आरसी बुकापर्यंत, विम्यापर्यंत आणि प्रसंगी न्यायालयापर्यंत पोहोचतात.

कारखान्यांनीच पाडलेला पायंडा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'च्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून इटालियन 'फियाट ११०० डी'ची भारतीय आवृत्ती तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचे 'पद्मिनी' असे नामकरण झाले. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तिचे मूळ रूप फारसे बदलले नाही. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, मागील चाकांना मिळणारी गती आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची रचना होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा ठरलेली ही गाडी वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली.

जुन्या साच्यात नवे इंजिन बसवण्याची कल्पना मुळात हौशी मंडळींची नव्हे. 'हिंदुस्थान मोटर्स'ने 'अॅम्बेसेडर'चे ब्रिटिश घराण्यातील १४८९ सीसीचे इंजिन अनेक वर्षे वापरले आणि १९९० च्या दशकात त्याच सांगाड्यात जपानी 'इसुझू'चे १८१७ सीसीचे इंजिन बसवले. 'प्रीमियर'नेही 'पद्मिनी'ची डिझेल आवृत्ती काढली होती. या बदलांमागे कारखान्याच्या चाचण्या होत्या आणि शासनाची मान्यता होती, हा फरक महत्त्वाचा. म्हणूनच वारशाने आलेल्या गाडीत आज दिसणारे इंजिन तिचे मूळचेच आहे की मधल्या काळात कोणी बदलले आहे, हे प्रथम आरसी बुकातील इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार पाहून ताडून घ्यावे.

कोणते इंजिन बसते?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते. 'पद्मिनी' व 'अॅम्बेसेडर'मध्ये ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते आणि प्रोपेलर शाफ्टमार्गे मागची चाके फिरवते. त्यामुळे घरातील दुसऱ्या, अपघातग्रस्त हॅचबॅकचे इंजिन उचलून आजोबांच्या गाडीत ठेवण्याचा बेत बहुधा कागदावरच राहतो. हौशी मंडळींची नजर उभ्या इंजिनाच्या गाड्यांकडे वळते, ती याच कारणाने. 'मारुती जिप्सी'चे १२९८ सीसीचे इंजिन सुमारे ८० अश्वशक्तीचे, तर 'ईको'चे ११९६ सीसीचे इंजिन सुमारे ७३ अश्वशक्तीचे. 'पद्मिनी'च्या मूळ इंजिनाशी तुलना करता ही ताकद दुपटीच्या आसपास जाते. अर्थात, यांत्रिकदृष्ट्या बसणारे इंजिन कायद्यात बसतेच असे नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

इंजिनामागची साखळी

इंजिन बदलणे म्हणजे एक भाग बदलणे नव्हे, तर एक साखळी बदलणे. नव्या इंजिनाचे माउंटिंग जुन्या जागी बसत नाही, म्हणून नवे ब्रॅकेट घडवावे लागतात. तेलाचा संप खालच्या आडव्या पट्टीला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना अडू शकतो. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जुळत नसल्याने तोही बदलावा लागतो. मग प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकते. तो कापून, जोडून पुन्हा संतुलित करून घेतला नाही, तर ठरावीक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते. गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून जमिनीवर येतो आणि त्यासाठी पत्रा कापावा लागतो. 'पद्मिनी'ला स्वतंत्र चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा असल्याने हे कापणे केवळ दिसण्यापुरते राहत नाही.

त्यानंतर येते विजेचे काम. इंजेक्शनच्या इंजिनाला संगणक, अनेक सेन्सर, स्थिर दाबाने पेट्रोल पुरवणारा विद्युत पंप आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागते. जुनी वायरिंग हा भार पेलत नाही. सांध्यांची गरज वाढल्याने आणि पेट्रोल दाबाखाली वाहत असल्याने हलगर्जीपणाने केलेली जोडणी आगीला निमंत्रण ठरू शकते. रेडिएटर नव्या इंजिनाच्या उष्णतेला पुरेसा नसेल, तर घाट चढतानाच ते कळते.

सर्वाधिक दुर्लक्षित राहतात ते ब्रेक. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ९० ने धावू लागली, तर तिच्यातील गतिज ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते आणि ती ब्रेकनाच शोषावी लागते. चार ड्रम त्या काळाच्या रस्त्यांसाठी व वेगासाठी होते. नव्या ताकदीसोबत पुढे डिस्क ब्रेक, बूस्टर, तसेच स्प्रिंग व स्टिअरिंगची तपासणी आलीच. खर्चाचा अंदाज काढताना केवळ इंजिनाची किंमत धरणारे येथेच फसतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची सवलत या कलमात आहे. विजेवर चालण्यासाठीचे रूपांतरही मान्यताप्राप्त संचाने आणि ठरलेल्या अटींवरच होते.

सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालाने याबाबतची संदिग्धता कमी झाली. उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालणार नाहीत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे दुसरे इंजिन मात्र नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने बसवता येते. याचा सरळ अर्थ असा, की 'पद्मिनी'त 'पद्मिनी'चे इंजिन ही रीतसर बाब आहे, तर 'पद्मिनी'त 'जिप्सी'चे इंजिन ही नोंदणी धोक्यात आणणारी बाब आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विम्याचा प्रश्न त्याहून गंभीर. पॉलिसी नोंदणीतील तपशिलांवर आधारलेली असते. अपघातानंतर प्रत्यक्षातले इंजिन वेगळे निघाले, तर दावा नाकारण्यास विमा कंपनीला आयते कारण मिळते.

वारसा हक्काने आलेल्या गाडीबाबत आणखी एक पायरी आहे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवणे आणि तीन महिन्यांच्या आत 'नमुना ३१' भरून गाडी आपल्या नावावर करून घेणे अपेक्षित असते. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते. नावावर नसलेल्या गाडीच्या इंजिनबदलाला परवानगी मागणार कोण, हा प्रश्न मग वर्षांनी उभा राहतो आणि तोवर सह्या करणारे वारसही विखुरलेले असतात.

पन्नाशीचे महत्त्व

घाईने निर्णय घेऊ नये याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती चालवता येते.

१९७४ मध्ये नोंदलेल्या पहिल्या 'पद्मिनी' गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्यापुढच्या गाड्या वर्षागणिक या उंबरठ्यावर येत आहेत. ४८ वर्षांच्या गाडीचे मूळ इंजिन भंगारात गेले, तर दोन वर्षांनी हाती येऊ शकणारा हा दर्जाही त्यासोबत गेला, असे समजावे.

मूळ इंजिन वाचवायचे तर

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन 'गेले' असा निकाल पुष्कळदा पुरेशा तपासणीविना दिला जातो. अडकलेले पिस्टन, गाळाने भरलेली टाकी, चोंदलेला कार्बोरेटर, कुजलेले रबरी पाइप ही कारणे दुरुस्त होण्याजोगी असतात. सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन-रिंग, हेडचे काम ही कामे जाणणारे मिस्त्री व लेथवाले शहरांत अद्याप आहेत.

इंधनाचा बदल मात्र ध्यानात घ्यावा लागतो. देशात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्यापूर्वीच्या इंजिनांचे हेड उघडलेच, तर कठीण धातूची व्हॉल्व्ह सीट बसवून घेणे श्रेयस्कर. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावा शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. इथेनॉल सोसणारे पाइप व गॅस्केट, टाकीची स्वच्छता आणि गाडी नियमित सुरू ठेवणे, हा त्यावरचा उपाय.

निर्णयापूर्वी हे पाहा

- आरसी बुकावरील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकांशी जुळतात का?
- गाडी वारसाच्या नावावर झाली आहे का? नोंदणीचे नूतनीकरण व कर यांची स्थिती काय?
- गाडीखालचा पत्रा, विशेषतः फ्लोअर आणि दरवाजांखालची पट्टी, शाबूत आहे का? गंजलेल्या गाडीत इंजिनावर खर्च करणे व्यर्थ.
- दुसरे इंजिन घ्यायचेच, तर ते त्याच बनावटीचे व प्रकारचे आहे का? त्याचे बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिची नोंदणी रद्द झाल्याची कागदपत्रे आहेत का? कागदांविना घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघू शकते.
- आरटीओची परवानगी कामापूर्वी घेतली का? काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवले का?
- काढलेले मूळ इंजिन जपून ठेवण्याची सोय आहे का?

रोज कार्यालयात जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर आजच्या बाजारात तिला पर्याय अनेक आहेत. आजोबांनी हप्ते फेडून घेतलेली, ज्यात घरातल्या तीन पिढ्या बसल्या, ती गाडी हवी असेल, तर तिचा संथपणाही त्या वारशाचाच भाग मानावा लागतो. वारसांनी प्रथम या दोहोंपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवावे आणि गॅरेजचा रस्ता त्यानंतर धरावा.