गिरणगांवाला वाचा फुटली

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, लढाया आणि तह उभे राहतात. आज मी एका साप्ताहिकाची आणि मुंबईच्या गिरणी-कामगारांची हकीकत सांगणार आहें. हीहि एक लढाईच होती. मात्र तिच्यांतील शस्त्र शब्द हें होतें.

पुण्यास १८७७ सालीं कृष्णराव भालेकर यांनीं सत्यशोधक मताचें ‘दीनबंधु’ पत्र काढलें. १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईंत आणून नव्यानें चालविलें. लोखंडे यांनीं स्वतः गिरणींत स्टोअरकीपरची नोकरी केलेली. तेव्हां कामगारांचे हाल त्यांस ऐकीव नव्हते. १८८१ च्या कायद्यानें मुलांच्या कामाचे तास बांधले होते. प्रौढांच्या तासांस मर्यादाच नव्हती.

दुःख तर चाळीचाळींतून बोललें जात होतें. परंतु ओट्यावरचें गाऱ्हाणें ओट्यावरच विरतें. १८८४ च्या सप्टेंबरांत परळच्या सुपारीबागेंत सभा भरल्या आणि त्या गाऱ्हाण्यास मागणीचें रूप आलें. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघातांत जायबंदी झालेल्यास मदत, अशीं तीं कलमें होतीं. अर्जावर सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. पहा, यांत शिव्याशाप नाहींत, रडगाणें नाहीं. वेळ आहे, तारीख आहे, सही आहे. अशा कागदास उत्तर देणें टाळतां येतें, पण तो ऐकलाच नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

उत्तर मिळण्यास सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाहि बोलल्या. ज्या काळीं सुखवस्तु घरांतील स्त्रीसहि सभेंत बोलणें दुर्मिळ होतें, त्या काळची ही गोष्ट आहे! १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. १८९७ च्या प्लेगच्या साथींत लोखंडे वारले. सुटी मात्र राहिली.

त्या गिरण्या आतां बहुतेक बंद पडल्या. पण पाण्याच्या नळासाठीं, दवाखान्यासाठीं खेटे घालणाऱ्या वस्त्या आहेतच. आपणां सुशिक्षितांस त्यांची कणव येते आणि आपण त्यांच्या वतीनें लिहूं लागतों. हेतु चांगला, पण त्यांत त्यांचा आवाज हरवतो. अर्ज कसा लिहावा, सभेंत मुद्दा कसा मांडावा, आपल्या वस्तीचें पत्रक कसें काढावें, एवढें आपण त्यांस अवश्य शिकवावें. काय मागावें, तें मात्र त्यांनींच ठरवावें. रविवारीं निवांतपणें वर्तमानपत्र वाचतांना सुपारीबागेंतील त्या सह्यांचें स्मरण ठेवावें, इतकीच माझी विनंती आहे.