खालचा सूर

बंगळुरूत बेस गिटार शिकणाऱ्या मुलांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो: गाणं बघून बसवलं की ऐकून? बघून म्हणजे फोनवर टॅब उघडून. टॅबमध्ये चार तारांच्या चार रेघा असतात आणि कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं त्याचे आकडे असतात. ऐकून म्हणजे यातलं काहीही न घेता, रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून. ऐकून बसवणाऱ्याला थोडा जास्त मान मिळतो. हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या माणसाला हा मान जरा विचित्रच वाटेल. आपल्याकडे गाणं ऐकूनच तर शिकतात, मग त्यात विशेष ते काय? पण बेस ऐकणं ही गोष्ट निराळी आहे. ती निराळी का, हे कळायला दोनशे वर्षं मागे, मद्रासला जावं लागतं.

अठरावं शतक संपत आलं होतं. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचं कुटुंब तंजावर मुलखातलं तिरुवारूर सोडून मद्रासजवळच्या मणलीला, मुदलियारांच्या आश्रयाला आलं होतं. जवळच सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनी सरकारचा बँड वाजायचा. दीक्षितरांनी तो ऐकला आणि त्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. 'नोट्टुस्वर साहित्य' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळिसाच्या आसपास आहेत आणि सगळ्या शंकराभरणात, म्हणजे आपल्या बिलावलाच्या सुरांत आहेत. इंग्रजांच्या राजगीताच्या चालीवरची 'संततं पाहि माम्' त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. त्यांचे धाकटे बंधू बाळुस्वामी याच काळात युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजलं त्याच्या सुरुवातीच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं.

तिकडे तंजावरात सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी स्वतःचा युरोपीय धाटणीचा बँड ठेवला होता. पाश्चात्त्य स्वरलिपीतले त्याचे कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. म्हणजे एका मराठी राजाच्या दरबारात ते संगीत कागदावरून वाजत होतं आणि त्याच काळात मणलीत ते कानावरून उतरत होतं. 'बघून की ऐकून' हा वाद बंगळुरूच्या पोरांनी काढलेला नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दीक्षितरांनी बँडमधली फक्त वरची चाल घेतली. त्या काळच्या फौजी बँडमध्ये खालचे सूर धरायला बॅसून असायचा, सापासारखं वळलेलं सर्पंट नावाचं वाद्य असायचं. नोट्टुस्वरांत त्या खालच्या हालचालीचा मागमूस नाही. एवढ्या थोर कानाला ती ऐकू आली नसेल असं मला वाटत नाही. तिचं काय करायचं, याला त्या संगीतात जागा नव्हती.

राजगीताची पहिलीच ओळ घ्या. वरची चाल सा, सा, रे आणि मग खालचा नी अशी जाते. पहिले दोन सूर एकच. पण प्रचलित साथीत त्यांच्या खालचा बेस सा, ध, म, प असा सरकतो. म्हणजे पहिल्या सा-खाली सा आहे आणि दुसऱ्या सा-खाली मंद्र धैवत. वर काहीच हललेलं नाही, तरी दुसरा सा पहिल्यासारखा लागत नाही. खालच्या धैवताला षड्ज मानलं तर वरचा सा हा त्याचा कोमल गंधार होतो. शेवटचा नी तसाच पंचमाचा शुद्ध गंधार होतो. षड्जचालन ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच पटेल, फक्त इथे ते दर मात्रेला होतं. आपला तानपुरा याच्या नेमका उलट वागतो. खर्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. सगळं त्याच्याशी मोजायचं. त्यामुळे आपला कान खालचा सूर ऐकतो तो जमीन म्हणून, चाल म्हणून नव्हे. जमीनच चालायला लागली तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बेस ऐकून बसवायला लागलेल्या प्रत्येकाचे पहिले काही महिने यातच जातात. बोटं वरची चाल वाजवायला धावतात, कारण कानाने तेवढीच घेतलेली असते.

भाषांतरातही असं काहीसं होतं, म्हणून हा भाग मला जवळचा वाटतो. कन्नड वाक्याच्या शेवटी 'अंते' येतं, आपल्या 'म्हणे'सारखं. अर्थात त्याने काही भर पडत नाही असं वाटतं. पण ते काढलं की ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते.

आता वाद्याकडे वळू. बेस गिटारच्या आधी हे काम उभा डबल बेस करायचा. माणसाहून उंच, न्यायला-आणायला त्रासदायक आणि बिनपडद्याचा. सूर कुठे आहे हे हातानेच शोधायचं. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, गिटारसारखी गळ्यात अडकवायची विजेची बेस बाजारात आणली आणि तिला 'प्रिसिजन' हे नाव दिलं. पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नेमकेपणाची ही जाहिरात. चार तारा, आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच सुरांत, एक सप्तक खाली. भारतात याचा मोठा फायदा झाला. परदेशी वाद्य आणणं महाग आणि अवघड होतं, तेव्हा कोलकात्याच्या गिवसनसारख्या देशी गिटारच्या जाड चार तारांवर लोक बेसचे धडे गिरवत. अँप्लिफायर नसेल तर बेसचं डोकं लाकडी कपाटाला टेकवायचं. कपाट घुमतं आणि सूर ऐकू येतो. ही युक्ती आजही चालते, रात्री शेजाऱ्यांना न उठवता वाजवायचं असेल तर विशेषच.

मुंबईच्या चित्रपट संगीतात कागदाची बाजू गोव्याने सांभाळली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिनबरोबर स्वरलिपी शिकवली जायची. तिथून आलेले अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर कागद लिहीत आणि वादक तो वाचून वाजवत. अनेक संगीतकारांना स्वतःला ती लिपी येत नसे. ते गाऊन दाखवत, चाल कानाने यायची आणि ऑर्केस्ट्रा कागदाने. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र वादकांची नावं नसत. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ यांची बेस ज्यांनी आयुष्यभर ऐकली त्यांतल्या बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलेलं नाही. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन यांचं नाव त्या कंपनीच्या तबकडीवर छापून आलं ते १९७१ मध्ये, मार्व्हिन गे यांच्या अल्बमवर.

मग वाद्यं आली, गाणी आली, पण ती ऐकायची कशावर? बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला ४१ आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास असतो, म्हणजे ही तार त्याच्याही बरीच खाली जाते. ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा स्पीकर हे सूर वाजवूच शकत नाही. दोनशेच्या खालचं त्यातून फारसं बाहेर पडत नाही. तरी लोक बेस ऐकत होते आणि बसवतही होते. कारण कोणत्याही तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपसूर निघतात. स्पीकरमधून वरचे उपसूर पोहोचतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून आपला मेंदू न वाजलेला मूळ सूर भरून काढतो. तानपुऱ्यात कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार वर ऐकू येतो. ट्रान्झिस्टरवर कुणी न पोहोचवलेला बेस खाली ऐकू येतो. ऐकून शिकलेल्या एका अख्ख्या पिढीने बेस शिकली ती अशी, नसलेल्या सुरावरून.

यंत्रावरून ऐकून शिकण्याची परंपरा आपल्याकडे त्याहून जुनी आहे आणि तिचं सर्वांत झळझळीत उदाहरण बंगळुरूपासून फार दूर नाही. १९२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवी. कुमार गंधर्व हे नाव त्याला लहानपणीच मिळालं. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे त्यांची रीतसर तालीम झाली. पण तबकडीवर गवयाचा आवाजच सर्वांत पुढे असतो. तो घ्यायला कानाला गर्दी हटवावी लागत नाही. बेसवाल्याला मात्र गायक, तंतुवाद्यं, ढोलकी सगळ्यांना बाजूला सारून तळाशी जावं लागतं.

त्यासाठी लोकांनी युक्त्या काढल्या. अवघड जागा कळावी म्हणून टेप निम्म्या वेगाने लावली तर सगळं एक सप्तक खाली जातं; गिटारच्या जलद तानेला ते सोयीचं, बेसचा मात्र चिखल होतो. म्हणून बेससाठी उलट करायचं. टेप दुप्पट वेगाने लावायची, बेस एक सप्तक वर येते आणि स्वच्छ ऐकू येते. तबकडी असेल तर ३३ ची ४५ वर. मग सूर साधारण षड्जावरून मध्यमावर सरकतो, थोडा चढाच, आणि तेवढा हिशेब मनात ठेवून वाजवायचं.

दक्षिणेत या सगळ्याला एक मजेशीर वळण लागलं ते इळयराजा यांच्यामुळे. सुरुवातीला ते कन्नड चित्रपटांचे संगीतकार जी. के. वेंकटेश यांचे सहायक होते आणि मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकले. प्रत्येक वाद्याचा कागद स्वतः लिहिणारे म्हणून त्यांची ख्याती आहे. बेसचाही. आणि त्यांची बेस नुसती जमीन नसते, ती दुसरं गाणंच म्हणत असते. शंकर नाग यांनी १९८१ मध्ये दिग्दर्शित केलेला 'गीता' हा कन्नड चित्रपट घ्या. (हेच शंकर नाग '२२ जून १८९७'मध्ये होते, म्हणून मराठी वाचकाला परके नाहीत.) त्यातलं 'जोतेयलि' बंगळुरूत आजही रिक्षात, हॉटेलात, लग्नात ऐकू येतं. याच चालीवर पुढे तमिळ गाणं झालं आणि २००७ च्या 'चीनी कम'मध्ये हिंदीही. इथल्या बेसवाल्याला हे गाणं यायलाच हवं असा अलिखित नियम आहे. आणि ते शिकायचं ऐकूनच, कारण मूळ कागद कधी दुकानात आला नाही. एकाने अचूक लिहिलेली, दुसऱ्याने वाचून वाजवलेली ओळ हजारो लोकांकडे कानावरून गेली. प्रत्येकाकडे ती थोडी निराळी आहे. शहरातल्या दोन वादकांना एकाच वेळी ती वाजवायला सांगा, दुसऱ्या ओळीपाशी फाटा फुटेल आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून हटून बसतील.

जेमर्सन यांच्या बाबतीत प्रवास उलटा झाला. त्यांचं वाजवणं ऐकून ॲलन स्लटस्की यांनी ते स्वरलिपीत उतरवलं आणि १९८९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. ते चांगलं काम आहे. तरी त्या पुस्तकावरून वाजवणारा आणि रेकॉर्डवरून बसवणारा यांच्या हातांत फरक पडतो असं मला दिसतं. कागदावर सूर कुठे सुरू झाला ते असतं. तो कुठे दाबून थांबवला, मात्रेच्या किती केसभर मागे ठेवला, हे लिहिता येतं पण वाचता येतंच असं नाही. बेसमध्ये निम्मं काम या थांबण्यातच आहे.

अलीकडे संगणक एका रेकॉर्डिंगमधून गायक, ढोल, बेस वेगवेगळे करून देतो. बेसची ओळ एकटी, स्वच्छ ऐकू येते; कपाट नको, दुप्पट वेग नको. वर्गातली मुलं ते सर्रास वापरतात आणि स्वतःला ऐकून बसवणारीच म्हणवतात. त्यांच्याशी वाद घालावासा मला वाटत नाही, फक्त एक गोष्ट खटकते. एकट्या बेसमध्ये सा, ध, म, प हे नुसते चार सूर असतात. त्यांच्यामुळे वरचा सा बदलला, हे ऐकायला वरचा सा तिथे असावा लागतो.

नोट्टुस्वरांच्या खाली साथ भरण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. सिनसिनाटीचे कण्णिकेश्वरन यांनी २००८ मध्ये त्या रचना केल्टिक धाटणीच्या साथीने ध्वनिमुद्रित केल्या. बंगळुरूत त्यासाठी ध्वनिमुद्रण लागत नाही. संस्कृत शब्द पाठ असलेली आजी घरोघर असते आणि बेस शिकणारं नातवंडही. आजीने 'संततं पाहि माम्' म्हणायचं, नातवाने दुसऱ्या मात्रेला धैवतावर जायचं. माझ्या ओळखीच्या एका घरी हे करून पाहिलं, तेव्हा आजी तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "तू चुकलास की मी?"