रेझिनी दंतपूरण : बंधनाचा इतिहास

दाताच्या पोकळीत भरलेले रेझीन कडेने सुटले, की फटीतून लाळ व जंतू शिरतात आणि दात पुन्हा किडतो. पूर्वी भरण अडकावे म्हणून पोकळी आतून रुंद कोरीत. त्यात निरोगी भागही जाई. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फरिक अम्लाने दंतवल्क खरबरीत करून त्यावर ॲक्रिलिक रेझीन घट्ट बसविले. राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमए रेझिनाने (पेटंट १९६२) आकुंचन घटले, थांबले मात्र नाही. खरी अडचण दंतवल्काखालच्या ओलसर, सूक्ष्मनलिकायुक्त डेंटीनची होती. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये रेझीन व कोलॅजेन तंतू गुंतून होणारा संकरित थर दाखविला. पाण्यामुळे हा थरही कालांतराने क्षीण होतो; भरताना पोकळीत लाळ शिरल्यास उत्तम रेझीनही टिकत नाही.