बोटीवरचं सोंग

लेकीनं ऑक्टोबरातली बोट मार्चमध्येच बुक केली होती. फ्लोरिडाहून सुटणार, चार रात्री, बहामाचं एखादं बेट आणि बोटभर हॅलोविन. आम्हा दोघांना त्यातलं ‘बोट’ एवढंच नीट कळलं. सप्टेंबरात फॅमिली ग्रुपवर नातीचा आवाज आला, “आजी, तू काय होणार?” हा प्रश्न मला शेवटचा विचारला गेला तेव्हा मी चौथीत होते. मागोमाग लेकीचा खुलासा आला, “एका संध्याकाळी सगळे वेश करून येतात. सक्ती काही नाही गं, पण सगळे करतात.” ह्यांनी लगेच जाहीर केलं, “मी पस्तीस वर्षं ऑफिसात साहेबाचं सोंग आणलं, आता पुरे.” जावयांनी सुचवलं, “आई, तुम्ही नऊवारी नेसा ना. एकदम हिट कॉस्च्युम!”

‘सक्ती नाही, पण सगळे करतात’ या वाक्यापाशी मी अडकले. निघायला महिना होता आणि हाताशी वेळ होता, म्हणून ते वाक्य किती जुनं आहे ते शोधत गेले.

चौथीतलं आधी सांगून टाकते. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये या प्रकाराला ‘विचित्र वेशभूषा स्पर्धा’ म्हणत. फॅन्सीला ‘विचित्र’ हा शब्द ज्यानं लावला त्याला मराठी माणूस बरोबर कळला होता. झाशीची राणी, वासुदेव, पोस्टमन, सगळे एका रांगेत उभे आणि सगळे विचित्र. मी भाजीवाली झाले होते. लुगडं आमच्या दारावर येणाऱ्या भाजीवालीकडूनच मागून आणलं होतं. टोपलीतली वांगी खरी होती, त्यांचं दुसऱ्या दिवशी भरीत झालं. दुसरा नंबर आला.

बोटीवरच्या सोंगाचा माग काढत मागे गेलं की पार्टीच्या आधी विषुववृत्त लागतं. पहिल्यांदा ती रेषा ओलांडणाऱ्याला जुन्या खलाशांनी समुद्रात बुचकळायचं, ही युरोपीय जहाजांवरची जुनी रीत. पुढे तिचं नाटक झालं. एक खलाशी दाढी लावून, मुकुट घालून समुद्रदेव नेपच्यून व्हायचा, दुसरा त्याची बायको, तिसरा न्हावी. नवख्यांना दरबारात हजर करायचं आणि त्यांची ‘हजामत’ करायची. प्रत्येक जुना खलाशी कधीतरी तिथून गेलेला असायचा, त्यामुळे तो वसुलीवर असायचा.

कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ २५ ऑक्टोबर १७६८ला रेषेवर पोचलं, तेव्हा जोसेफ बँक्स हा श्रीमंत तरुण निसर्गशास्त्रज्ञ त्यावर होता. त्यानं रोजनिशीत सगळं टिपलंय. पूर्वी रेषा न ओलांडलेल्यांची यादी तयार झाली. तीत खुद्द कुक होता, बँक्स होता, त्याचे नोकर होते आणि त्याचे कुत्रेही होते. सुटकेचा दर ठरलेला होता, चार दिवसांच्या वाट्याची दारू. बँक्सनं स्वतःसाठी, नोकरांसाठी आणि कुत्र्यांसाठी ब्रँडी मोजली आणि प्रकरण मिटवलं. ज्यांना दारू सोडवली नाही ते आणि पोरं मिळून वीसेक जणांना डोलकाठीच्या आडव्या वाशावरून दोरानं बांधून तीन-तीनदा पाण्यात सोडलं. पोरांना मात्र विचारायची पद्धतच नव्हती, त्यांना बुडवायचंच.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पैसे मोजून सोंग टाळता येतं, एवढी भर बँक्सनं त्यात घातली. तेव्हापासून ‘भाग घ्यायचा की नाही’ हा प्रश्न बोटीवर खरा कुणापुढे असतो, ते पाहत गेले.

चार्ल्स डार्विनपुढे तो नव्हता. १७ फेब्रुवारी १८३२. रेषेवर पोचलेल्या ‘बीगल’ जहाजावर बत्तीसेक नवखे होते, त्यांत हा नुकताच तेवीस पूर्ण केलेला. त्याचे डोळे बांधले, चहूकडून बादल्या ओतल्या, एका फळीवर बसवलं, तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीच्या तुकड्यानं तो खरवडला आणि फळी तिरकी करून पाण्याच्या हौदात उलटा टाकला. तिथे दोघे जण बुचकळायला उभेच होते. आपली त्यातल्या त्यात बरी झाली असं त्यानं लिहिलंय, कारण इतरांच्या तोंडात घाण कोंबली होती. कॅप्टनसुद्धा कोरडा राहिला नाही. त्या दिवशी दरबार खलाशांचा होता आणि साहेबलोक भिजत होते. आपल्या शिमग्यात हेच चालतं. धुळवडीला पाटलालाही रंग लागतो, आणि तो हसून घेतो, कारण उद्यापासून पाटील पुन्हा पाटीलच असतो.

जमिनीवर तोवर सोंगाचं दुसरंच घराणं वाढत होतं. अठराव्या शतकात लंडनच्या हेमार्केटमधल्या थिएटरात तिकीट काढून मुखवट्यांचे नाच भरत. पोशाख भाड्यानं देणारी दुकानं होती. त्यात मला सगळ्यात आवडली ती ‘डोमिनो’ नावाची वस्तू. लांब, सैल, टोपीवाला झगा, बहुधा काळा. ज्याला गवळण किंवा तुर्की सुलतान व्हायचं नाही, पण आतही जायचंय, त्यानं आपल्या कपड्यांवर डोमिनो चढवायचा. सोंग घेतलंय असंही होत नाही आणि घेतलं नाही असंही होत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारख्यांची सोय करून ठेवली होती.

मग राणी व्हिक्टोरियानं १२ मे १८४२ला बकिंगहॅम राजवाड्यात मध्ययुगीन पोशाखांचा मोठा नाच भरवला. ती स्वतः राणी फिलिपा झाली, नवरा अल्बर्ट झाला फिलिपाचा नवरा, राजा तिसरा एडवर्ड. लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावं हे कारण पुढे केलं गेलं. मुखवटा गेला, चेहरा उघडा आला, आणि भानगडीचा प्रकार घरंदाज झाला. १८७९मध्ये आर्डर्न होल्टचं नाचाला काय घालावं हे सांगणारं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात वेश वर्णानुक्रमे लावलेले, गांधीलमाशीसुद्धा. रुखवतात काय मांडावं याच्या पुस्तकासारखं ते घरोघरी चालत असणार.

ही दोन घराणी, खलाशांचा दरबार आणि मडमांचा नाच, एकत्र आली ती प्रवासी बोटींवर. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सफर हळूहळू तीनेक आठवड्यांवर आली. तीन आठवडे समुद्र, तीच माणसं, तेच जेवणाचं टेबल. प्रवाशांचीच एक करमणूक कमिटी बसायची. पत्ते, दोरखंडाच्या कड्या फेकायचा खेळ, कॉन्सर्ट आणि एक रात्र फॅन्सी ड्रेसची. डेकला निशाणांच्या पताकांनी आडोसा करायचा, रंगीत दिवे लावायचे. तयारी न करता आलेल्यांसाठी बोटीवरच्या न्हाव्याच्या दुकानात टोप्या, दाढ्या, कागदी सामान मिळायचं. नेपच्यूनच्या न्हाव्याचा वस्तरा जाऊन त्याच्या हाती कात्री आणि गल्ला आला, एवढाच फरक. सुएझच्या तोंडाशी पोर्ट सैदला बोट लागली की धक्क्यासमोर सायमन आर्टझचं मोठं दुकान. साहेब तिथे सोला टोपी घ्यायचा, आणि सोंगासाठी हवी तर तुर्की टोपीही. शेख, सुलतान, नर्तकी हे ठरलेले वेश. ज्या देशांवरून बोट चालली होती, तेच देश रात्री डेकवर अंगात घालून नाचायचे.

आणि ती बोट चालवत कोण होतं? पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडचे, कोकणपट्टीचे खलाशी असत, आणि जेवणघरात, केबिनीत गोव्याचे लोक. डेकवाल्यांचा कंपनीचा पोशाख निळा अंगरखा, कमरेला लाल रुमाल, डोक्याला पागोटं. त्यांच्या मुकादमाच्या, म्हणजे सारंगाच्या, गळ्यात चांदीची साखळी आणि शिट्टी. पूर्वेकडचा वेश, आखीव-रेखीव आणि रोजचा. या माणसांच्या मुलखात शिमग्याला संकासुर नाचतो, काळा झगा, टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. गोमू होते, ती बाईच्या वेशातला बाप्याच. गोव्याच्या स्टुअर्डाच्या घरी कार्निव्हलची सोंगं. सोंग म्हणजे काय ते त्या बोटीवर सगळ्यात जास्त ज्यांना ठाऊक, ते पताका बांधत होते आणि ट्रे फिरवत होते.

इथे मला ती भाजीवाली आठवली. गॅदरिंगनंतर आईनं लुगडं धुऊन, घडी करून तिला परत दिलं, वर चार आणे दिले. तिनं विचारलं होतं, “काय झाली ताई?” मी म्हटलं, “भाजीवाली.” तिनं लुगड्याकडे पाहिलं आणि टोपली उचलली.

आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीवर चढल्या तेव्हा अठराच वर्षांच्या होत्या. त्याआधी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगून ठेवलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. लुगडं सोडायचं नाही, खाणं बदलायचं नाही. १० ऑक्टोबर १८८५चा फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय कॉलेजचा तो प्रसिद्ध फोटो आहे, आनंदीबाई, जपानी केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आज तो पाहणाऱ्याला तीन वेशभूषा दिसतात. आनंदीबाईंच्या अंगावर त्यांचे कपडे होते.

गांधींचं उलटं. ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहून निघाले, एकोणीसही पुरे नव्हते. काट्याचमच्याची भीड पडून केबिनीतच खाल्लं. उतरताना शोभावा म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट नीट जपून ठेवलेला, तो घातला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. सामान एजंटाच्या ताब्यात गेलेलं, शनिवार होता, बदलायला सोमवारपर्यंत काही नाही. मनापासून केलेला वेश फसला की त्याचं सोंग होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

पुढची कथा भराभर सांगण्यासारखी आहे. १९५८नंतर जेट विमानांनी अटलांटिकवरच्या बोटींचं गिऱ्हाईक पळवलं. बोट कुठे पोचवण्यासाठी लागेनाशी झाली, तेव्हा तिनं तीन आठवड्यांतली करमणूक तेवढी ठेवली आणि तिचाच धंदा केला. १९७२मध्ये मायामीतून एक कंपनी उभी राहिली, नाव कार्निव्हल, पहिल्या जुन्या बोटीचं नाव मार्डी ग्रा. दोन्ही नावं सोंगांच्या सणाची. बोट पहिल्याच फेरीत मायामीबाहेर वाळूत रुतली, कंपनी मात्र तरली. १९९८मध्ये डिस्नेची पहिली बोट समुद्रात उतरली आणि पोरंबाळं हेही मोठं गिऱ्हाईक झालं. हॅलोविनला बोटीवर आणायला मग फार काही करावं लागलं नाही. स्कॉटलंड-आयर्लंडकडची वेश घेऊन दारोदार फिरणारी पोरं गाणं म्हणून खाऊ मिळवायची, आपल्या बहुरूप्यासारखीच. बहुरूपी पोलीस होऊन दारात यायचा, घरमालकाला खोटं समन्स बजवायचा आणि वर शिधा मागायचा. अमेरिकेत त्याच रीतीसाठी १९३०च्या दशकापासून तयार डबे विकले जाऊ लागले, आत मुखवटा आणि छापील झगा. आता डबा ऑनलाइन येतो. बोटीच्या नियमावलीत एक ओळ मात्र होती की खेळण्यातलीसुद्धा शस्त्रं नकोत. म्हणजे नेपच्यूनच्या त्रिशूळाला आता बोटीवर मज्जाव.

जावयांना मी सांगितलं, नऊवारी नको. कारण विचारलं तर म्हटलं, माझी आई ती नेसून दळण आणायला जायची. ते मनाला लागलं असावं, पुन्हा विषय काढला नाही. भाग घेऊच नये, असंही मला वाटेना. नात चेटकीण होणार होती आणि तिला एकटीला चेटकीण व्हायचं नव्हतं. शेवटी कपाटातली काळी शाल काढली, हे थंडीत मफलरावर घेतात ती. डोमिनो. ह्यांनी तर बँक्सचा मार्ग धरला. नातीनं दंड ठरवला, रोजचं एक आइस्क्रीम, चारही दिवस. त्यांनी आनंदानं भरला. दर तिला कोणी सांगितला नव्हता.

त्या संध्याकाळी डेकवर भोपळे पेटलेले, सुपरमॅन रांगेत पिझ्झा घेत होते, कडेवरची एक भुंगा-पोर झोपून गेली होती. माझ्या शालीवर नातीनं कागदी वटवाघूळ टाचलं. आमच्या टेबलाचा वेटर गोव्यातल्या सासष्टीचा. पहिल्या दिवसापासून आमच्याशी कोकणी-मराठीत बोलायचा आणि न सांगता ह्यांना गरम पाणी आणून द्यायचा. त्या रात्री त्याच्या अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर शिंगं. मी विचारलं, “तुम्हालाही घालावं लागतं?”

“आमकां कोण विचारता?” तो म्हणाला, आणि शिंगं सावरत गरम पाण्याचा जग ह्यांच्यासमोर ठेवला.